हार उतरवायचा राहिला

मिलिंद,

तुझा फोन आता वहिनींकडे असतो. त्यांचा स्वतःचा बिघडलाय, म्हणून त्या तुझ्यावरूनच करतात. त्यामुळे माझ्या मोबाइलवर तुझं नाव येतं आणि खाली तो फोटो, ज्यात तू वडापाव खाता खाता माझ्याकडे बघून डोळे वटारतोयस. पहिल्यांदा आला तेव्हा मी डोंबिवलीत भाजी घेत होते. हातातली कोथिंबीर तिथेच पडली. भाजीवाली म्हणाली, "ताई, उचला ना फोन, कधीचा वाजतोय." मी उचलला नाही. भुताला घाबरले म्हणशील तर तसं नाही. फोनवर कोण आहे ते मला माहीत होतं, आणि त्या काय विचारतील तेही माहीत होतं. त्याला घाबरले.

पेपरात तुझ्यावर सहा ओळी आल्या. 'ज्येष्ठ दिग्दर्शक आणि निर्माते' असं लिहिलंय. छप्पन्नाव्या वर्षी ज्येष्ठ व्हायला मरावं लागतं, हे वाचून तुझ्या नाकातून चहा आला असता. मालिकांची नावं दिलीत, त्यातली एक तर तू केलेलीच नाहीस. जाऊ दे. ती यादी मी इथे उगाळत बसणार नाही. मला तुझ्याशी वेगळंच बोलायचंय.

तू रविवारी गेलास. सोमवारी शूटिंग झालं, मंगळवारीही झालं. चॅनेलने दुसऱ्या मालिकेवरचा एक दिग्दर्शक दोन आठवडे उसना दिला. तुझा एकही भाग चुकला नाही बघ, तुझ्या मरणानेसुद्धा. पाचव्या दिवशी चॅनेलच्या त्या मुलीचा मला फोन. आधी रडली, खरंच रडली बिचारी, मग नाक ओढत म्हणाली, "शुभदाताई, त्यांचे पंधरा दिवस संपले की पुढचं तुम्हीच घ्या ना. तुम्हाला सगळं माहितीय." बावीस वर्षं मी तुझी असोसिएट. तुझ्या उजव्या हाताला, प्लास्टिकच्या स्टुलावर. स्टुलावरून तुझ्या खुर्चीत यायचं म्हणजे नुसतं सरकायचं. पण माझी धाव काही त्या दोन फुटांपर्यंत जाईना.

आधी हाराचं बोलू. मी हल्ली सगळ्यांशी तिथूनच सुरू करते.

मालिकेचा पहिला दिवस आठवतोय? माजिवड्याच्या पुढे घोडबंदर रोडवरचा तो भाड्याचा बंगला, नवा रंग, सगळ्यांच्या डोळ्यांत त्या रंगाची झणझण. नायिकेच्या वारलेल्या बाबांचा फोटो दिवाणखान्याच्या भिंतीवर हवा होता. कलाविभागाने कुठल्यातरी मॉडेलचा आणलेला, तो तीस वर्षांचा दिसत होता. मुलगीच मोठी वाटली असती. तू पाकीट काढलंस, तुझा खडवलीच्या नदीवरचा फोटो काढलास आणि म्हणालास, "मला लावा. मी स्वस्त पडतो." त्या फोटोत तुझ्या शेजारी वहिनी होत्या. त्यांना कापून टाकलं तरी पिवळ्या साडीचा एक तुकडा कोपऱ्यात राहिलाच. वर चंदनाचा हार घातला.

जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला असेल तर पॅकअपला तो उतरवायचा. आपल्या धंद्यात हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलं मी कधी पाहिलं नाही. तू हसत होतास. "बाई, आमच्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, आणि तू मला हाराची भीती घालतेस?" मला तू बाई म्हणायचास, शाळेतल्या बाई. मी म्हटलं, "तुमच्यात पाळत नसतील. माझ्यात पाळतात, आणि हार मी काढणार आहे, तू नाही." मग दोन वर्षं रोज संध्याकाळी मी माझ्याच स्टुलावर उभी राहून तुझा हार उतरवायचे, आणि तू खालून विचारायचास, "झाली का सुटका माझी?" पोरं हसायची. मीही हसायचे, पण हार काढल्याशिवाय रिक्षाला हात केला नाही कधी.

आणि त्या आठवड्यात तो राहिला. डोहाळजेवणाचा प्रसंग होता. गोष्टीतला एक दिवस, आपल्याला शूट करायला मंगळवार ते शनिवार लागले. पहिल्याच दिवशी हाराचं एक टोक फ्रेमच्या कोपऱ्यात अडकलं आणि हार उजवीकडे जास्त ओघळला. तसाच तो शॉटमध्ये गेला. आता उतरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला तर तसाच्या तसा बसणार नाही, आणि एका शॉटमध्ये हार उजवीकडे, दुसऱ्यात मधोमध, असं दिसलं तर प्रेक्षक फोटो काढून पाठवतात. ही जुळवाजुळव बघणं माझंच काम. मंगळवारी संध्याकाळी मी स्टुलावर चढले आणि तशीच उतरले. तू म्हणालास, "राहू दे की. पाच दिवसांनी काय बिघडतंय." शनिवारी प्रसंग संपला तेव्हा सगळ्यांची घरी जायची घाई. मी विसरले. रविवारी सकाळी तू गेलास.

हे मी मेकअपच्या मुलींना सांगितलं, सावंतांना सांगितलं, जे आपल्याला बारा वर्षं चहा देतात. घरी आईला सांगितलं. आईने मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली, या वयात. सगळे हळहळले, "अरेरे, तुमची काय चूक" म्हणाले. मिलिंद, तू मला ओळखतोस. हार सांगितला की पुढचं सांगावं लागत नाही, म्हणून मी सगळ्यांना हार सांगत फिरले.

पुढचं असं, की मला माहीत होतं.

मंगळवारी दुपारी तू मॉनिटरसमोर बसून डावा जबडा दाबत होतास. "दाढ दुखतेय," म्हणालास. मग तुझा हात दंडावर गेला. एसी चालू, आणि तुझ्या कानामागून घाम. मी रुमाल दिला. तू माझ्याकडे न बघता तो घेतलास. बुधवारी काही नाही. गुरुवारी तू वरच्या मजल्यावर आरसा नीट लावायला गेलास आणि परत येताना जिन्यातच बसलास. चेहरा पिठासारखा. सावंतांनी लिंबूसोडा आणला. मी म्हटलं, "चल ऊठ, हायवेला लागलो की दहा मिनिटांत हॉस्पिटल." तू म्हणालास, "आणि सातला काय दाखवायचं?"

तोच आपला प्रश्न. बावीस वर्षं तोच. बँकेत एकही भाग नव्हता. म्हणजे पुढे शिल्लक काही नाही, सकाळी शूट करायचं, दुपारी चारला एडिटला पाठवायचं आणि संध्याकाळी सातला ते लोकांच्या घरात. आपण आगीतून फुफाट्यात, फुफाट्यातून आगीत, असेच महिने काढत होतो. मी म्हटलं, "मिलिंद, अटॅकबिटॅक असला तर?" तू म्हणालास, "शनिवारी दाखवतो डॉक्टरला. आणि सुजाताला बोललीस तर बघ, ती मला घरात कोंडून घालेल." मी म्हटलं, "मेलास तर?" तू भिंतीकडे बोट केलंस. "हार तयारच आहे."

सगळे हसले. मीही हसले.

मग मी घड्याळ बघितलं. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तू जिन्यात बसलेलास, ओठ पांढरे, आणि मी तुझ्याकडे बघायच्या ऐवजी घड्याळाकडे बघितलं. सव्वा बारा झालेले. मी म्हटलं, "बरं, मग दोनच शॉट राहिलेत, पटकन उरकू." मलाही तो भाग हवा होता रे. तुझ्याइतकाच. तू उठलास, पँट झटकलीस आणि दोन शॉट घेतलेस. चांगले घेतलेस.

ही घड्याळाची भीती आपल्याला लागली कुठे, ते मी परवा आठवत होते. कल्याणला त्या विजेच्या सामानाच्या दुकानावर केबलवाल्याचं चॅनेल होतं, तिथे नाही. तिथे तू लग्नाच्या व्हिडिओचा कॅमेरा घेऊन यायचास आणि मी घरोघरच्या गणपतीच्या आराशी दाखवायचे, आईची पैठणी नेसून. रोज संध्याकाळी अर्धा तास आपला. एकदा टेप मशीनमध्ये अडकून तिचा पार चोथा झाला. दाखवायला काहीच नाही. मालक गावाला गेलेला. तू कॅमेरा त्याच्या टेबलावरच्या माशांच्या पेटीसमोर लावलास आणि कल्याण-डोंबिवलीला अर्धा तास मासे दाखवलेस. मी घाबरून रडकुंडीला आलेले. तू खुर्चीवर पाय टाकून शेंगदाणे खात होतास. दुसऱ्या दिवशी तीन फोन आले, मासे पुन्हा कधी लावणार म्हणून. मालकाने नवीन दोन मासे आणले.

तो तू होतास. कल्याण पूर्वेच्या चाळीतला, ज्याला कशाचीच भीती नव्हती. मला कॅमेऱ्याच्या मागे तूच आणलंस. "बाई, तू बोलतेस चांगली, पण तू बघतेस त्याहून चांगली. इकडे ये," म्हणालास. घरी बाबा म्हणाले, मुलीच्या जातीने पडद्यामागे काय करायचं असतं? तू डोंबिवलीला आमच्या घरी आलास, आईच्या हातचं थालीपीठ खाल्लंस, आणि बाबांना दोन तास शूटिंग म्हणजे काय ते समजावलंस. बाबांना काही कळलं नाही, पण माणूस आवडला. ठाण्यात काम सुरू झालं तेव्हा खोपटच्या डेपोबाहेर टपरीवर उभे राहून आपण दिवसाचे सीन वाटून घ्यायचो. निर्माता झालास, तेव्हा पहिल्याच मालिकेत माझं नाव तुझ्या खालोखाल एकट्याचं टाकलंस, गर्दीत नाही. मी कधी धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती, आणि आता म्हणायला गेले तर मलाच कसंतरी वाटतं. तरी म्हणते. मी जी काही आहे ती तू "इकडे ये" म्हणालास म्हणून आहे.

पण निर्माता झालास आणि बदललास. तुझ्यावर ऐंशी माणसांची चूल होती, ते मला कळतं. सातचा अर्धा तास रिकामा गेला तर चॅनेल मालिका बंद करेल, मालिका बंद झाली तर ही माणसं कुठे जातील, अशी तुझी साखळी. तू तिला इतका घाबरायला लागलास, की मग मीही घाबरायला शिकले. आपण भांडायचो त्यावरूनच. मी म्हणायचे, थोडे दिवस थांबून चार भाग जमवून ठेवू. तू म्हणायचास, थांबायला वेळ कुठाय. शनिवारी बोलू, म्हणायचास. आपलं प्रत्येक भांडण शनिवारवर ढकललेलं असायचं.

त्या शनिवारी तू म्हणालास, "आज एकदम बरं वाटतंय." मिलिंद, ते ऐकून मला किती सुटल्यासारखं झालं. डॉक्टरचा विषय मी काढलाच नाही. रविवारी सकाळी पोहे खाऊन तू पेपर घेऊन गॅलरीत बसलास, आणि वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा पेपर खाली पडलेला होता.

पुण्यानुमोदनाला मी पांढरी साडी नेसून आले. कल्याणचा तो हॉल भरलेला. लाइटची पोरं, वहिनींच्या पोस्टातल्या मैत्रिणी, चाळीतले जुने लोक. भन्तेजी त्रिशरण म्हणत होते आणि मी तुझ्या फोटोकडे बघायचं टाळत होते. नंतर वहिनींनी मला बाजूला, पाण्याच्या पिंपाशी नेलं. माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. म्हणाल्या, "शुभदाताई, तो सेटवर काही बोललेला का? दुखतंय वगैरे?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. काहीच नाही. छान होता."

त्यांनी हात सोडला. "हं," म्हणाल्या, आणि पाहुण्यांकडे गेल्या.

तेव्हापासून माझी जी अवस्था आहे, ती तुला काय सांगू. खाई त्याला खवखवे. तुझं नाव स्क्रीनवर आलं की मोबाइल पालथा घालते. सावंतांना कळलेलं असणार, लिंबूसोडा त्यांनीच आणलेला. ते कल्याणला वहिनींना भेटायला गेले, हे ऐकून मी दिवसभर जेवले नाही. ते परत आले, चहा दिला आणि मान खाली घालून निघून गेले. त्यांनी सांगितलं की नाही, विचारायची हिंमत झाली नाही. आंघोळ करताना माझाच जबडा दुखतो. एकटीने लिफ्टमध्ये जात नाही, चार मजले चढून जाते आणि वर पोहोचल्यावर धडधड होते, म्हणून पुन्हा घाबरते. आई म्हणते, देवाला जाऊन ये. देवाला काय सांगू, की मी दोन शॉट उरकून घेतले? आणि सगळ्यात जास्त भीती त्या खुर्चीची. मी तिथे बसेन, समोर कोणीतरी छातीला हात लावेल, आणि मी घड्याळ बघेन. मला माहितीय मी बघेन. एकदा बघितलंय.

गेल्या शनिवारी वहिनी सेटवर आल्या. तुझं सामान न्यायला. उसना दिग्दर्शक लवकर पॅकअप करून गेलेला, बंगला बराचसा रिकामा. मी तुझा खण उघडून दिला. चष्मा, डबा, तो राखाडी स्वेटर, अर्धी संपलेली ॲसिडिटीची बाटली. बाटलीवर त्यांची नजर थांबली. मग त्या दिवाणखान्यात गेल्या आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या. दोन वर्षं त्यांनी हा फोटो टीव्हीवर बघितलेला, पण समोर कधी नाही.

"हा माझा पदर," कोपऱ्यातल्या पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या.

माझ्या तोंडून आपोआप हारच आला. "वहिनी, मी हार उतरवला नाही. पाच दिवस राहिला. मी विसरले."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. रागावल्या नव्हत्या. पोस्टाच्या काउंटरवर अर्धवट भरलेला फॉर्म आल्यावर बघत असतील तसं बघितलं. "हाराने माणूस मरत नाही, शुभदाताई. तुम्हालाही माहितीय. मग तुम्ही माझा फोन का उचलत नाही?"

आता काय राहिलं होतं. मी खाली बसले, सोफ्यावर नाही, फरशीवरच, आणि सांगितलं. मंगळवारचा जबडा, गुरुवारचा जिना, लिंबूसोडा, हाराचा विनोद, दोन शॉट. घड्याळसुद्धा सांगितलं. सांगताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या माझ्या शेजारी, फरशीवरच बसल्या.

"बुधवारी सकाळी मी त्याच्या पाठीला बाम चोळला," त्या म्हणाल्या. "दोन खांद्यांच्या मधे दुखतंय म्हणाला. शुक्रवारी पुन्हा. मी म्हटलं, रजा घे. तर म्हणाला, शुभदाला बोलू नकोस, ती शूटिंग थांबवेल." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी पण म्हटलं, सेटवर शुभदाताई आहेत. त्यांचं लक्ष असतं."

आणि मी रोज स्वतःला सांगत होते, घरी वहिनी आहेत, त्यांचं लक्ष असतं.

मी विचारलं, "मग तुम्ही मला त्या दिवशी का विचारलंत?"

"तुम्ही हो म्हणाल म्हणून," त्या म्हणाल्या. "म्हणजे चूक माझ्या एकटीची राहिली नसती. तुम्ही नाही म्हणालात. छान होता म्हणालात. तेव्हापासून मी एकटीच होते हो."

मिलिंद, तुझा मला एवढा राग कधीच आला नव्हता. कलाकारांना तू असंच करायचास. याला त्याचं सांगायचं नाही, तिला याचं सांगायचं नाही, प्रत्येकाला त्याच्यापुरतं, म्हणजे समोरासमोर आल्यावर चेहरा खरा दिसतो. तुझे सीन त्यामुळेच चांगले व्हायचे. पण आम्ही काय तुझे कलाकार होतो? एकीने डावी बाजू बघितली, दुसरीने पाठ बघितली, आणि आख्खा माणूस कोणीच बघितला नाही. आम्ही दोघींनी एक फोन केला असता तर तुला उचलून नेलं असतं, शिव्या खाल्ल्या असत्या तुझ्या. एवढंच ना? तुझ्या शिव्यांना घाबरून बसलो आम्ही. तुला क्षमा करायला मला अजून वेळ लागेल, आणि स्वतःला त्याहून जास्त.

जाताना वहिनी म्हणाल्या, "फोटो राहू दे. त्याला काम आवडायचं. आणि हारही आता काढू नका. आता तो खरा आहे." दारातून परत वळल्या. "सोमवारी घ्या तुम्ही ती खुर्ची. पण लक्ष ठेवा."

सोमवारी मी बसले. सकाळी नऊचा कॉल, आणि बँकेत नेहमीप्रमाणे शून्य. चॅनेलची मुलगी मुद्दाम आलेली, मला धीर द्यायला, म्हणजे माझ्यावर नजर ठेवायला. पहिला सीन झाला. दुसरा झाला. आवाज तुझ्यासारखा खडा काढत होते. तिसऱ्या सीनला रोहिणीताई, आपल्या मालिकेतल्या आजी, संवाद म्हणता म्हणता थांबल्या आणि त्यांनी डाव्या खांद्याला हात लावला.

"काय झालं?"

"काही नाही गं. ॲसिडिटी. सकाळी ठाण्यात मिसळ खाल्ली. घे तू शॉट."

कपाळावर घाम होता. लाइटमुळेही असेल. माझी पाचावर धारण बसली. खरं सांगते, मी घड्याळ बघितलं. बारा चाळीस. अजून चार शॉट, चारला एडिट, सातला टेलिकास्ट. चॅनेलच्या मुलीनेही घड्याळ बघितलं. सावंत ट्रे घेऊन उभे होते, ते मात्र माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "पॅकअप."

आवाज इतका चिरका निघाला की कोणाला वाटलं मी चेष्टा करतेय. मी पुन्हा म्हटलं. रोहिणीताई संतापल्या, पस्तीस वर्षांत माझ्यामुळे कधी शूटिंग थांबलं नाही, म्हणाल्या. मी त्यांना हात धरून गाडीत घातलं. वाटेत त्या शिव्या देत होत्या, मी त्यांची नाडी धरून बसलेले, जशी काही मला कळते. हॉस्पिटलमध्ये त्यांना आत नेलं. मशिनं लावली, रक्त घेतलं, तीन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. चॅनेलच्या मुलीचे फोनवर फोन. सातव्या फोनला ती ओरडलीच, "ताई, सात वाजता मी दाखवू काय?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. जुना भाग लाव."

तिने फोन आपटला. मी बाहेरच्या खुर्च्यांवर बसले. उद्या मला काढतील, मालिका बंद होईल, ऐंशी माणसं, तुझी सगळी साखळी डोळ्यांसमोर. साडेसहाला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, हृदयाचं काही नाही, मिसळ बंद करायला सांगा. आतून रोहिणीताईंचा आवाज आला, "बघ, मी सांगत होते की नाही." मी भिंतीला टेकून रडले. डॉक्टरांना वाटलं मुलगी असेन.

समोर टीव्ही होता. सात वाजले आणि आपलं शीर्षकगीत लागलं. भाग पाच महिन्यांपूर्वीचा, मंगळागौरीचा. शेजारी एक नवराबायको बसलेले, कोणाची तरी वाट बघत. नवरा म्हणाला, "हे आधी झालंय ना?" बायको म्हणाली, "असेल," आणि बिस्किटाचा पुडा त्याच्यापुढे केला. दोघांनी पूर्ण भाग बघितला. साडेसातला बातम्या लागल्या.

एवढंच झालं, मिलिंद. कोणी मेलं नाही.